शिल्पातलं भोक किती खोल हवं?

लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये रानफुलांच्या कुरणात ‘द हाइव्ह’ हे १७ मीटर उंच ॲल्युमिनियमचं शिल्प उभं आहे. वुल्फगँग बट्रेस यांनी ते २०१५च्या मिलान एक्स्पोसाठी घडवलं. २०१६मध्ये ते क्यूला आलं. तिथल्या एका पेटीतल्या मधमाश्यांच्या हालचालींनुसार त्याचे दिवे उजळतात. मला ते फार आवडतं. पण जगात मधमाश्यांच्या गटातल्या माश्यांच्या सुमारे २०,००० जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक एकेकट्या घर करतात. त्यांना पेटी नको; कितीतरी जणींना तयार भोक हवं. ते शिल्पातही कोरता येतं.

युरोपातली ऑस्मिया बायकॉर्निस ही एकटी राहणारी माशी घ्या. तिला साधारण ८ मिमी रुंद, १५ सेंमी खोल, मागून बंद भोक मानवतं. तळाशी परागाचा साठा, त्यावर एक अंडं, मग चिखलाची भिंत. पुढे दुसरी खोली. नराकडून मिळालेले शुक्राणू मादी पोटातल्या पिशवीत साठवते आणि अंडं घालताना ते सोडायचे की नाही, हे तिच्या हातात असतं. फलित अंड्यातून मुलगी होते, अफलितातून मुलगा, म्हणजे बापाशिवाय. मुली ती आत ठेवते, मुलगे दाराशी. वसंतात नर आधी बाहेर पडतात, त्यामुळे वाट अडत नाही. भोक उथळ असेल तर मुलगेच जास्त होतात. मग पुढच्या वर्षी घरटी करणार कोण? बाजारातल्या कितीतरी ‘बी हॉटेलां’च्या, म्हणजे अशा माश्यांसाठी विकल्या जाणाऱ्या तयार घरट्यांच्या, नळ्या अशाच आखूड असतात.

घराइतकंच फूलही महत्त्वाचं. किलोस्टोमा कॅम्पॅन्युलॅरम ही तांदळाच्या दाण्याएवढी माशी लाकडातल्या बारीक भोकात राहते, पण पराग घेते फक्त कॅम्पॅन्युलाच्या घंटेसारख्या फुलांचा. शोभेची विदेशी झुडपं तिच्या काय कामाची?

‘मधमाश्या संपल्या की चार वर्षांत माणूस संपेल’ हे वाक्य आइन्स्टाइनच्या नावावर फिरतं. त्यांनी ते म्हटल्याचा पुरावा नाही, आणि गहू-भाताला परागीभवनासाठी कीटक लागतही नाहीत. तुरीला मात्र आपल्याकडच्या मेगाकायली माश्यांचा मोठा हातभार लागतो. गुलाबाच्या पानांचे गोल तुकडे कापून नेतात त्या याच कुळातल्या. आपल्या बागांतल्या शिल्पांभोवती हिरवळीऐवजी ताग, तूर, तुळस लावता येईल. आणि चौथऱ्याभोवती सगळीकडे फरशी नको, थोडी उघडी, उन्हातली माती राहू द्यावी, कारण बहुसंख्य रानमाश्या जमिनीतच बीळ करतात.