एकच लाल दिवा, कामं तीन

१९५९ सालची कॅडिलॅक मागून पाहिली की आधी डोळ्यांत भरतात ते तिचे उंच पंख, आणि प्रत्येक पंखातून बाहेर डोकावणारे बंदुकीच्या गोळीसारखे दोन-दोन लाल दिवे. जरा निरखून पाहिलं की आपल्या सवयीच्या नजरेला काहीतरी खटकतं. पिवळा दिवा कुठेच नाही. मग ही गाडी वळताना मागच्याला सांगायची तरी कसं?

सांगायची त्याच लाल दिव्याने. रात्री मंद जळणारा टेललाइट तोच, ब्रेक दाबल्यावर भगभगणारा तोच आणि वळताना लुकलुकणाराही तोच. त्या काळातल्या बहुतेक अमेरिकन गाड्यांची हीच रीत होती. यात ट्रान्झिस्टर नाही, चिप नाही. सगळा निर्णय स्टिअरिंगच्या दांड्यातला एक स्विच आणि तापणारी एक धातूची पट्टी घेतात.

लुकलुकणारे इंडिकेटर ब्यूकने १९३९च्या मॉडेलवर दिले तेव्हा ते फक्त मागच्या बाजूला होते. त्याआधी काच खाली करून हात बाहेर काढायचा, इतकंच. मागे ब्रेकचा बल्ब आणि त्याची वायर आधीच होती. नवा दिवा, नवी काच, नवी वायर घालण्यापेक्षा आहे त्याच बल्बला लुकलुकायला लावणं स्वस्त पडणार, हे उघड होतं. मला ही काटकसर मनापासून आवडते. पुढे तिची किंमत मोजावी लागली, तरीही.

आधी बल्ब. साठच्या दशकात यासाठी सर्रास वापरला जाणारा बल्ब म्हणजे १२ व्होल्टचा, ११५७ क्रमांकाचा. काचेच्या एकाच फुग्यात दोन फिलामेंट: एक सुमारे ८ वॉटची, टेललाइटसाठी, दुसरी सुमारे २७ वॉटची, ब्रेक आणि इंडिकेटरसाठी. वीज जेमतेम साडेतीनपट, पण उजेड मात्र दहापट. याचं कारण तापमानात आहे. लहान फिलामेंट मुद्दाम कमी तापवलेली असते, म्हणजे ती वर्षानुवर्षं टिकते. पण कमी तापलेली तार बहुतेक ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्ण किरणांतच घालवते. मोठी फिलामेंट जास्त तापते, पांढरट जळते, लवकर मरते. पण ती जळते तरी किती वेळ? या बल्बच्या बुडाशी दोन खिळे असतात, एक वर आणि एक जरा खाली. त्यामुळे बल्ब होल्डरमध्ये उलटा बसतच नाही. बसला असता तर रात्रभर ब्रेक लागल्यासारखा दिसला असता.

आता खरी गंमत. ब्रेक दाबला की जुन्या गाड्यांत ब्रेकच्या तेलाचा दाब वाढतो आणि त्या दाबाने एक छोटा स्विच जोडला जातो. तिथून निघालेली वीज थेट मागे जात नाही. ती आधी स्टिअरिंगच्या दांड्यात चढते आणि इंडिकेटरच्या स्विचमधून डाव्या-उजव्या दोन वायरींत वाटली जाते. इंडिकेटरची दांडी सरळ असेल तर दोन्हीकडे ब्रेकची वीज. दांडी डावीकडे ओढली की डावी वायर ब्रेकपासून तुटते आणि दिवे लुकलुकवणाऱ्या फ्लॅशरला जोडली जाते. उजवी ब्रेकवरच राहते. म्हणून ब्रेक लावत डावीकडे वळणाऱ्या गाडीचा डावा दिवा लुकलुकतो आणि उजवा स्थिर पेटतो. चारही दिवे एकदम लुकलुकवणारा धोक्याचा स्विच पुढे आला, तेव्हा ही व्यवस्था थोडी गडबडली: अशा बऱ्याच गाड्यांत तो चालू असताना ब्रेक दाबला, की दिवे लुकलुकायचं सोडून नुसते पेटून राहतात.

फ्लॅशर म्हणजे डॅशबोर्डखाली खोचलेली अॅल्युमिनियमची छोटी डबी. एका प्रकारात तिच्यात दोन वेगळ्या धातूंचे थर एकत्र चिकटवलेली पट्टी असते. दिव्यांकडे जाणारी वीज या पट्टीतूनच जाते. पट्टी तापते, एक थर दुसऱ्यापेक्षा जास्त लांबतो, पट्टी वाकते आणि संपर्क तुटतो. दिवे विझतात, पट्टी गार होते, पुन्हा सरळ होते, पुन्हा जोड. टिक, टिक. मिनिटाला ६० ते १२० वेळा, एवढीच अपेक्षा. यातून एक सोय फुकट मिळाली. एक बल्ब गेला की वीज कमी वाहते, पट्टी पुरेशी तापत नाही, आणि डॅशबोर्डवरचा बाण लुकलुकायचा थांबून नुसता पेटून राहतो. बिघाड कळवायला वेगळं यंत्र नको. हौसेने एलईडी बल्ब बसवणाऱ्यांची मात्र इथेच पंचाईत होते. एलईडी इतकी कमी वीज घेतो की जुनी डबी तापतच नाही. मग इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर तरी लावायचा, नाहीतर नुसती वीज खाणारा रेझिस्टर जोडायचा.

अशा गाड्या दुरुस्त करणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळतं ते अर्थिंग. बॅटरीकडे परत जाणाऱ्या विजेला स्वतंत्र वायर नसते. ती गाडीच्या लोखंडी बॉडीतून परत जाते. साठ वर्षांत होल्डरला गंज चढला की ती वाट बंद होते, पण वीज थांबत नाही, दुसरी वाट शोधते. ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेली वीज त्याच बल्बच्या टेललाइट फिलामेंटमध्ये उलटी शिरते, तिच्या वायरने इतर दिव्यांकडे जाते आणि तिथल्या अर्थमधून बाहेर पडते. मग भर दुपारी ब्रेक दाबावा, तर पुढचे पार्किंग दिवे मंद पेटतात. नवखा माणूस स्विच बदलत बसतो. अनुभवी माणूस आधी होल्डर घासतो.

पन्नाशीच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक गाड्या ६ व्होल्टच्या, तिथे हा त्रास आणखी. तेवढ्याच वॉटसाठी दुप्पट करंट लागतो, आणि वायरमध्ये वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे चौपट. त्यात फिलामेंट फार नाजूक स्वभावाची: बल्बपाशी व्होल्टेज १० टक्के कमी पोचलं, तर उजेड सुमारे ३० टक्के घटतो. जुन्या गाडीचे दिवे मिणमिणते असतात, ही तक्रार पुष्कळदा बल्बची नसून वायरची असते.

याच एका फिलामेंटवर फोर्डने पुढे हौसही भागवली. १९६५च्या थंडरबर्डमध्ये प्रत्येक बाजूला तीन बल्ब होते आणि ते आतून बाहेर एकामागून एक पेटायचे. त्यासाठी एक छोटी मोटर आणि तिच्यावर फिरणारे तीन उंचवट्याचे कॅम. प्रत्येक उंचवटा आपल्या वेळेला आपला संपर्क दाबणार. मोटर अडकली की सगळा दिमाख संपला!

पुढच्या बाजूचा इंडिकेटर १९६३च्या मॉडेलपासून पिवळा झाला, त्याआधी तो पांढरा असायचा. मागचा लाल मात्र अमेरिकेत आजही चालतो. तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याच्या २००९च्या अभ्यासात मागे पिवळा इंडिकेटर असलेल्या गाड्यांना वळताना मागून धडक बसण्याचं प्रमाण सुमारे ५ टक्क्यांनी कमी आढळलं. काटकसरीची किंमत म्हटली ती हीच: लाल पेटला, तर तो थांबतोय की वळतोय, हे ओळखायला मागच्याला एखादा क्षण जास्त लागतो.

हेडलाइटची कथा वेगळी आहे. १९४० पासून अमेरिकेत सीलबंद दिवा आला: काच, आरसा आणि फिलामेंट एकाच सात इंची गोळ्यात. फिलामेंट गेली की अख्खा गोळा बदलायचा. अप्पर-डिपरचं बटण डाव्या पायाखाली. आणि फ्यूजऐवजी स्विचमध्येच तापून तुटणारी आणि गार झाल्यावर पुन्हा जुळणारी पट्टी, म्हणजे शॉर्ट झालाच तर दिवे कायमचे विझण्याऐवजी उघडझाप करत राहतील.

आपल्याकडे १९४७ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जायच्या आणि त्यातल्या काही अजून हौशी लोकांनी जपल्या आहेत. त्यांच्यासाठी अमेरिकेतून सीलबंद दिवा मागवला, तर त्याचा डिपर उजवीकडे झुकलेला येतो, कारण तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. इथे तोच झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. त्यापेक्षा जीप किंवा बुलेटला लागणारा सात इंची, डावीकडे झुकणारा दिवा घ्यावा. तो त्याच घरात बसतो, मागची तीन पात्यांची पिनही तीच. फक्त त्यातला बल्ब जास्त वीज ओढतो, तेव्हा रिले, म्हणजे थोड्या विजेने मोठी वीज जोडणारा स्विच, लावून बॅटरीपासून जाड वायर टाकावी आणि गाडी ६ व्होल्टची असेल तर बल्बही ६ व्होल्टचाच शोधावा.