ऑल-वेदर ट्रॅक (घोड्यांच्या शर्यती आणि बेटिंग)

वाळू, कृत्रिम धागे, काही ठिकाणी रबराचे बारीक तुकडे आणि या सगळ्यावर मेणाचा हात, असं मिश्रण अंथरून तयार केलेली शर्यतीची धावपट्टी म्हणजे ऑल-वेदर ट्रॅक. अमेरिकेत याला सिंथेटिक म्हणतात. मेणामुळे वाळू पाणी धरत नाही, पाणी खाली झिरपून निचऱ्याच्या थरातून निघून जातं, त्यामुळे टर्फवरची (हिरवळीवरची) मीटिंग (दिवसभराच्या शर्यती) पावसाने किंवा थंडीने रद्द होते तेव्हाही इथं बहुतेक वेळा शर्यती होतात.

पहिला ट्रॅक कुठला यावर एकमत नाही. 1963 साली पेनसिल्व्हेनियातल्या मेडोज इथं थ्रीएम कंपनीची टार्टन नावाची रबरासारखी पट्टी टाकली गेली, पण तिथं गाडीला जुंपलेले घोडे पळायचे, त्यामुळे काही जण ते धरतच नाहीत. मग 1966 च्या सुमाराचं फ्लोरिडातलं ट्रॉपिकल पार्क पुढे केलं जातं. थ्रीएमचे प्रमुख विल्यम मॅकनाइट स्वतः घोड्यांचे मालक होते, आणि 1971 मध्ये सुरू झालेल्या कॅल्डर रेसकोर्समागेही तेच होते, तिथंही अशीच कृत्रिम पट्टी होती, नंतर मात्र ती जाऊन नेहमीची माती आली. पण या पट्ट्या आणि आजचं मेण-वाळूचं मिश्रण यांचं नातं फार दूरचं आहे. बाइंडर (कण चिकटवणारा पदार्थ) लावलेल्या वाळूवर थरोब्रेड (शर्यतीच्या खास जातीचे) घोडे पळाले ते 1988 मध्ये, ओक्लाहोमाच्या रेमिंग्टन पार्कला, इक्विट्रॅक नावाच्या पट्टीवर, आणि तो प्रयोगही काही वर्षांतच गुंडाळला. म्हणून सलग चालत आलेली परंपरा मोजायची तर 30 ऑक्टोबर 1989, इंग्लंडमधलं लिंगफिल्ड, ही तारीख धरणं जास्त योग्य वाटतं, त्याच महिन्याभरात साउथवेलही सुरू झालं.

ब्रिटनमध्ये हे झालं त्याचं मूळ बेटिंगमध्येच आहे. थंडीत मैदानं गोठली की शर्यती नाहीत, शर्यती नाहीत तर बेटिंग शॉपमध्ये लावायला काही नाही, आणि बुकींकडून येणाऱ्या लेव्हीवर (सक्तीच्या वर्गणीवर) तिथल्या रेसिंगचा बराच खर्च चालतो. सुरुवातीला या ट्रॅकवर हर्डल (अडथळ्यांवरून उड्या मारायच्या) शर्यतीही घेतल्या, पण घोडे मरण्याचं प्रमाण फार झाल्यावर 1994 मध्ये त्या बंद केल्या. दरम्यान 1993 च्या अखेरीस वुल्व्हरहॅम्प्टनला दिव्यांच्या उजेडात शर्यती आल्या, पुढे 2006 मध्ये केम्प्टन, 2016 मध्ये न्यूकॅसल. 2014 पासून गुड फ्रायडेला ऑल-वेदर चॅम्पियनशिपच्या फायनल होतात, तोपर्यंत हलक्या दर्जाच्या घोड्यांची जागा अशीच याची ओळख होती.

ऑल-वेदर हे एकच सरफेस आहे असं समजून पैसे लावणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. फायबरसँड (वाळू आणि धाग्यांचं मिश्रण) खोल आणि जड, मागच्या घोड्याच्या तोंडावर वाळूचा मारा होणार, तिथं दम असलेला आणि पुढे राहणारा घोडा टिकतो, साउथवेलला तर असे खास घोडे होते जे इतर ठिकाणी चालायचेच नाहीत. मार्टिन कॉलिन्स यांचं पॉलीट्रॅक वेगळं, त्यात शेवटच्या टप्प्यात झेप घेणाऱ्याला संधी. माजी ट्रेनर मायकल डिकिन्सन यांचं टॅपेटा त्याहून वेगळं. साउथवेलने 2021 च्या अखेरीस फायबरसँड काढून टॅपेटा टाकलं आणि तिथला वर्षानुवर्षांचा फॉर्म (घोड्यांच्या मागच्या कामगिरीची नोंद) एका झटक्यात जुना झाला. शिवाय ट्रॅकचा आकार बघायलाच हवा: वुल्व्हरहॅम्प्टनची वळणं घट्ट, बाहेरून फिरणाऱ्याचं अंतर वाया जातं, तर न्यूकॅसलला सरळ एक मैलाची पट्टी आहे, तिथं हा हिशोब लागूच होत नाही.

ट्रॅकची अवस्था बहुतेक दिवस 'स्टँडर्ड' अशीच लिहिली जाते आणि पंटरला (पैसे लावणाऱ्याला) वाटतं काही बदललेलंच नाही. प्रत्यक्षात मेण तापलं की मऊ होतं, गार पडलं की घट्ट. कॅलिफोर्नियातल्या डेल मारला 2007 मध्ये पॉलीट्रॅक आल्यावर सकाळच्या कसरतीत वेगवान वाटणारा ट्रॅक दुपारच्या उन्हात संथ व्हायचा ही तक्रार जोरात होती, आणि सकाळचे टाइम बघून भाव (पैज जिंकल्यास किती मिळेल तो दर) ठरवणाऱ्यांचं गणित त्यामुळे बिघडायचं.

अमेरिकेतला वाद सगळ्यात कडवट. कॅलिफोर्नियाच्या रेसिंग बोर्डाने 2006 मध्ये मोठ्या ट्रॅकना 2007 च्या अखेरपर्यंत सिंथेटिक करण्याची सक्ती केली. सांता अनिताला निचऱ्याचाच घोळ झाला, वर्षभरात मिश्रण बदलावं लागलं आणि 2010 च्या अखेरीस माती परत आली. केंटकीतल्या कीनलंडने 2006 मध्ये पॉलीट्रॅक घेतला, 2014 मध्ये काढला. तिथल्या जुन्या मातीवर आतल्या रेलिंगला धरून पुढे पळणारा घोडा धरला की बरंच काम व्हायचं, पॉलीट्रॅकवर ते संपलं, आणि स्पीड फिगरवर (वेगावरून काढलेल्या गुणांवर) विसंबून टोटमध्ये (सगळ्यांचे पैसे एकत्र करून वाटणाऱ्या पूलमध्ये) पैसे घालणारे नाराज झाले. 2008 चा ब्रीडर्स कप (अमेरिकेतल्या मोठ्या शर्यतींचा सोहळा) सांता अनिताच्या प्रो-राइड या नव्या सिंथेटिकवर झाला, त्यातली मुख्य शर्यत क्लासिक आदल्या वर्षी चिखलात जिंकलेला फेव्हरेट (सगळ्यांची पहिली पसंती) कर्लिन चौथा आला आणि पहिले दोन युरोपातून आलेले घोडे, रेव्हन्स पास आणि हेन्रीदनॅव्हिगेटर. दुबईच्या मेदानने 2010 मध्ये टॅपेटा घातलं, पाचेक वर्षांत तेही मातीकडे वळले.

पण आकडे दुसरीकडे बोट दाखवतात. अमेरिकेतल्या जॉकी क्लब या संस्थेने 2009 पासून जमवलेल्या माहितीत पहिल्या पाच वर्षांत दर हजार स्टार्टमागे (घोडा शर्यतीत उतरण्याच्या हजार वेळांमागे) मातीवर साधारण 2 घोडे दगावले, सिंथेटिकवर साधारण 1.2. पायांच्या मऊ भागांच्या, विशेषतः मागच्या पायांच्या दुखापती वाढतात असं काही ट्रेनर सांगतात आणि ते ऐकायलाच हवं, तरीही जीव जाण्याच्या आकड्यापुढे पंटरची गैरसोय मोठी धरता येत नाही. 2018-19 च्या हंगामात सांता अनिताला सुमारे 30 घोडे मेल्यावर हा प्रश्न परत उघडला, आणि 2021 मध्ये फ्लोरिडाच्या गल्फस्ट्रीम पार्कने टॅपेटाचा ट्रॅक टाकला.

सरफेस बदलल्यानंतरचे पहिले काही आठवडे भाव सगळ्यात जास्त चुकतात असं जाणकार मानतात, कारण लोक जुन्या ट्रॅकचाच फॉर्म वाचत असतात. अशा वेळी घोड्याचा बाप आणि त्याची बाकीची पिल्लं सिंथेटिकवर कशी पळालीत हे बघितलं जातं. टर्फवर चालणारा घोडा सिंथेटिकवर बऱ्याचदा जमवून घेतो, मातीवरचा त्या मानाने कमी.

महालक्ष्मी आणि पुणे इथल्या शर्यती टर्फवर होतात, वाळूचे ट्रॅक सरावासाठी. मुंबईचा हंगाम पावसाळा टाळून थंडीत आणि पुण्याचा जुलैपासून, ही जुनी वाटणी हवामानाशी जुळवून केलेली. पुण्यात भर पावसात पेनेट्रोमीटरचं (मैदान किती मऊ आहे ते मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग बघूनच रेसवाले विन (घोडा पहिला), प्लेस (पहिल्या काहींत) नाहीतर तनाला (पहिले तीन घोडे क्रमाने) ठरवतात.