उच्च रक्तदाब

धमन्यांमधील रक्ताचा दाब विश्रांतीच्या वेळीही वाजवीपेक्षा जास्त राहण्याच्या विकाराला उच्च रक्तदाब म्हणतात. बोलताना सगळे नुसते ‘बीपी’ म्हणतात. जिना चढताना, रागाच्या भरात किंवा वेदनेने दाब कोणाचाही वाढतो आणि थोड्या वेळात उतरतो. तो आजार नव्हे. दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा, खालचा दोन ठोक्यांमधल्या विसाव्याचा. उतारवयात मोठ्या धमन्या ताठर झाल्यामुळे बहुधा वरचाच आकडा वाढतो. ‘खालचा ठीक आहे ना, मग झालं’ ही समजूत त्या वयात महागात पडते.

वेगवेगळ्या दिवशी दवाखान्यात मोजून वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० वा त्यापुढे राहिला, तर बहुतेक देशांत निदान पक्के धरतात. २०१७ मध्ये अमेरिकेतील हृदयरोग संघटनांनी ही मर्यादा १३०/८० वर आणली, आणि आदल्या दिवशीपर्यंत निरोगी गणले जाणारे कोट्यवधी लोक एका फटक्यात रुग्ण ठरले. म्हणजे मर्यादा ही सोयीसाठी आखलेली आहे. धोका तिच्या बराच आधी, ११५/७५ च्या आसपास चढू लागतो; चाळिशी ते सत्तरीच्या दरम्यान वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने वाढला की पक्षाघाताने अथवा हृदयविकाराने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो.

कारणे : हृदय दर मिनिटाला किती रक्त ढकलते आणि बारीक धमन्या त्याला किती अडवतात, यावर दाब ठरतो. दोन्हींवर मूत्रपिंडांची हुकमत चालते. शरीरात मीठ आणि पाणी किती राखायचे हे ती ठरवतात; रक्तपुरवठा कमी पडला की रेनिन नावाचे विकर रक्तात सोडतात आणि त्यातून पुढे तयार होणारे अँजिओटेन्सिन धमन्या आकसवते. १९३४ मध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची धमनी चिमट्याने अर्धवट आवळून टिकाऊ उच्च रक्तदाब निर्माण करून दाखवला. तरीही शंभरातल्या नव्वदांहून अधिक रुग्णांत एकच असे कारण सापडत नाही. आनुवंशिकता, वय, जादा मीठ, लठ्ठपणा, मद्य आणि बैठी दिनचर्या यांची ती गोळाबेरीज असते. उरलेल्यांत मूत्रपिंडाचे विकार, अल्डोस्टेरॉन या मीठ राखणाऱ्या संप्रेरकाचे अतिस्रवण, झोपेत श्वास अडखळणे, किंवा रोजच्या वेदनाशामक गोळ्या व स्टेरॉइड कारणीभूत असतात. फार तरुण वयात निदान झाले, किंवा तीन औषधांनाही दाब जुमानत नसला, तर ही कारणे शोधावीच लागतात.

लक्षणे : बहुसंख्य रुग्णांना काहीच जाणवत नाही. डोके दुखले की गोळी आणि बरे वाटले की सुट्टी, हा हिशेब म्हणूनच चुकतो. २०१९ च्या जागतिक अंदाजानुसार ३० ते ७९ वयाच्या सुमारे १२८ कोटी लोकांना हा विकार होता आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना त्याचा पत्ताच नव्हता. दरम्यान हृदयाची भिंत जाड होते, मूत्रपिंडांची गाळण बिघडते, डोळ्यांचा पडदा खराब होतो. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब कित्येक वर्षे वाढलेला होता, डॉक्टरांना तो माहीतही होता; पण हाताशी धड औषध नव्हते. एप्रिल १९४५ मध्ये ते मेंदूतील रक्तस्रावाने गेले.

मोजणी : दंडाला बांधायचा पट्टा शिपिओने रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये काढला आणि स्टेथोस्कोपने आवाज ऐकून दोन्ही आकडे घेण्याची रीत निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये दिली. यंत्रे सुधारली, मोजण्यातली घाई मात्र गेली नाही. पाच मिनिटे शांत बसावे, पाठीला टेका हवा, पावले जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीत टेकवलेला. लघवी तुंबलेली नसावी आणि मोजताना बोलू नये. आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू टाळावी. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर दाब उगाच जास्त दिसतो. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी धरावी. काहींचा दाब फक्त डॉक्टरांसमोर चढतो, काहींचा नेमका तिथेच बरा दिसतो. म्हणून घरच्या नोंदींना मोल आहे. घरी मर्यादा १३५/८५ ची मानतात.

उपचार : मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, वजनावर ताबा, आठवड्याला किमान १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम आणि मद्य कमी, यांनी दाब खरोखर उतरतो. पोटॅशियमयुक्त पर्यायी मीठही उपयोगी पडते, मात्र मूत्रपिंडे कमजोर असतील तर ते धोक्याचे. औषधांचा इतिहास रंजक आहे. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचे अनुभव प्रसिद्ध केले आणि ती वनस्पती जगभर पोहोचली. १९५८ मध्ये क्लोरोथायझाइड हे लघवीवाटे मीठ काढणारे औषध बाजारात आले. ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषावरील संशोधनातून अँजिओटेन्सिन तयार होऊ न देणारे कॅप्टोप्रिल निघाले. आज बहुतेकांना दोन वेगवेगळ्या गटांतली औषधे कमी मात्रेत लागतात. घोट्याला सूज आली किंवा कोरडा खोकला लागला तर औषध बदलून मिळते. परस्पर बंद करण्याचे कारण नाही. कॅप्टोप्रिलच्या गटातली औषधे गरोदरपणात वर्ज्य आहेत. दाब आटोक्यात दिसतो तो बहुधा गोळी चालू आहे म्हणून.

दाब १८०/१२० च्या पुढे जाऊन छातीत दुखू लागले, धाप लागली, एका बाजूची शक्ती गेली किंवा बोलणे अडखळले तर थेट रुग्णालय गाठावे. असे काही होत नसेल तर जिभेखाली गोळी ठेवून दाब झटक्यात पाडू नये; त्याने मेंदूचा रक्तपुरवठाच तुटू शकतो. शांत बसून पुन्हा मोजावे आणि शक्यतो त्याच दिवशी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी.