उकळलं तरी न जाणारं विष

१९८७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात कॅनडामधे लोक हॉस्पिटलात यायला लागले, उलट्या, जुलाब, पोटात कळा, म्हणजे साधं फूड पॉयझनिंगच वाटावं, पण मग त्यातल्या काहींना नवीन काही लक्षातच राहीना. शंभरावर माणसं आजारी पडली, ३ दगावली. तपास करता करता धागा पोचला प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या शिनाण्यांपर्यंत. शिनाणे म्हणजे त्या लांबट काळपट शिंपल्या हो, हॉटेलात मसल्स म्हणून मिळतात त्या.

त्यांचा अर्क उंदरांना टोचला तर उंदीर मागच्या पायाने खांदा खाजवत सुटले, आणि शिंपल्यांच्या माहितीतल्या कुठल्याच विषाने असं होत नव्हतं. शेवटी सापडलं डोमोइक अ‍ॅसिड. गंमत बघा, जपानमधे हे रसायन १९५८ लाच एका लाल शेवाळातून वेगळं काढलेलं, आणि तिकडे ते शेवाळ जंतांवर औषध म्हणून देत!

शिनाणे बिचारे निर्दोष, ते फक्त पाणी गाळून खातात. विष बनवणारा होता स्यूडो-निट्शिया नावाचा डायटम, म्हणजे काचेच्या डबीत राहणारं एकपेशीय शैवाल. मायक्रोस्कोपखाली सुयांसारखं दिसतं, एका सुईचं टोक दुसरीच्या टोकावर थोडंसं चढलेलं, अशा साखळ्या. एरवी डायटम भली मंडळी, जगातल्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा साधारण पाचवा हिस्सा तेच उचलतात.

कॅलिफोर्नियात यांचा हंगाम मुख्यतः वसंतात. वायव्येचा वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलतो, खालचं गार, खतावलेलं पाणी वर येतं आणि डायटम भसाभसा वाढतात. केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्याला पावसाळ्यात खालचं पाणी वर येतं ते असंच. पण नुसती गर्दी झाली म्हणजे विष झालं असं नाही, सगळ्या जाती विषारी नसतात, आणि विषारी जातसुद्धा पाण्यातली सिलिका संपत आली, म्हणजे काचेच्या डबीचा कच्चा मालच तुटला, की विष जास्त बनवते. त्यामुळे पेशी मोजून भागत नाही, विषच मोजावं लागतं.

डोमोइक अ‍ॅसिड दिसायला ग्लुटामेटसारखं, आणि ग्लुटामेट म्हणजे मेंदूतल्या पेशींचा एकमेकींना हाका मारायचा निरोप्या. हा तोतया चिकटला की पेशी नको तितक्या पेटतात आणि मरतात, जास्त करून हिप्पोकॅम्पसमधे, जिथे नव्या आठवणी तयार होतात. एरवी किडनी हे विष बाहेर टाकते, म्हणून १९८७ मधे म्हातारी माणसं आणि किडनीचे पेशंट यांचे हाल जास्त झाले. आणि हो, उकळा, तळा, फ्रीझ करा, ते जात नाही!

माणूस तरी टेस्ट करून खातो, सी लायनचं, म्हणजे सीलच्या जातीतल्या त्या समुद्री प्राण्यांचं काय? ते खातात अँकोव्ही, आपल्या मांदेलीच्या घराण्यातले मासे, आणि ते मासे डायटम खातात. १९९८ मधे मध्य कॅलिफोर्नियात ४०० च्या वर सी लायन मेले. २०१५ ला पॅसिफिक विचित्र तापला, डायटमचा इतका मोठा ब्लूम, म्हणजे एकदम भसाभसा वाढलेली गर्दी, आली की तिथला खेकड्यांचा सीझन नोव्हेंबरऐवजी पार मार्चअखेर सुरू झाला. मर्यादा मांसाच्या किलोमागे २० मिलिग्रॅम डोमोइक अ‍ॅसिड, त्यावर गेलं की विक्री बंद.

शिनाणे काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत निवळतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या वाळूतले रेझर क्लॅम, म्हणजे लांबट शिंपलेच, मात्र विष वर्षभरसुद्धा धरून बसतात, म्हणजे ब्लूम कधीच ओसरलेला, पाणी छान निळं, आणि किनाऱ्यावर खणायला बंदी अजून चालूच.