गोव्याविषयी भारताच्या हेतूंचे राजनैतिक मूल्यमापन

भारत गोवा बळाने घेईल का, याविषयी 1947 ते 1961 या काळात पोर्तुगाल व त्याच्या मित्रराष्ट्रांनी बांधलेले अंदाज. त्यांतला लिस्बनचा, म्हणजे पोर्तुगाल सरकारचा, अंदाज सर्वांत जास्त चुकला.

फेब्रुवारी 1950 मध्ये भारताने वाटाघाटी सुचवल्या. पोर्तुगालने त्या नाकारल्या. 1951 मध्ये घटना बदलून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’, म्हणजे पोर्तुगालचाच भाग, ठरवल्यावर हुकूमशहा सालाझार यांच्या सरकारच्या लेखी बोलण्यासारखे काही उरलेच नाही. 1953 मध्ये भारताने लिस्बनमधील वकिलात बंद केली. 1955 मध्ये दिल्लीतील पोर्तुगीज वकिलात आणि पणजीतील भारतीय वाणिज्य दूतावासही बंद झाले. पुढे भारताचे काम इजिप्तने आणि पोर्तुगालचे ब्राझीलने पाहिले. शेजाऱ्याचे मन ओळखण्याची निकड वाढली तेव्हाच थेट बोलणे संपले होते.

लिस्बनची मोठी मदार नेहरूंच्या शांततेच्या भाषेवर होती, हे विलक्षणच. 15 ऑगस्ट 1955 रोजी गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवी व इतर नाक्यांवर पोर्तुगीजांच्या गोळीबारात वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. नेहरूंनी फौज धाडली नाही, उलट सत्याग्रहच थांबवला आणि आर्थिक नाकेबंदीवर भर दिला. महाराष्ट्रातून सत्याग्रहींच्या तुकड्या धाडणाऱ्यांना हे चांगलेच झोंबले. लिस्बनने मात्र त्याचा अर्थ भारत शस्त्र उचलणारच नाही, असा घेतला. त्यात मुरगावहून लोहखनिजाची निर्यात वाढत होती, त्यामुळे नाकेबंदीचाही धसका उरला नाही. डिसेंबर 1955 मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यांसोबतच्या संयुक्त निवेदनात गोव्याला पोर्तुगालचा प्रांत मानल्यासारखी भाषा वापरली. दिल्ली संतापली, लिस्बन सुखावले.

खुद्द गोव्यात काय चालले आहे, हे सरकारनेच पाठवलेल्या एका माणसाने स्पष्ट सांगितले होते. भूगोलतज्ज्ञ ओर्लांदो रिबेरो यांनी 1956 मध्ये सालाझार सरकारला अहवाल दिला. आपण पाहिलेल्या पोर्तुगीज प्रदेशांत गोवा सर्वांत कमी पोर्तुगीज आहे, भाषा थोड्यांनाच येते आणि लोकांच्या मनात दुरावा व संशय आहे, असे त्यांनी नोंदवले. धोरण तसूभर हलले नाही.

1961 मध्ये पोर्तुगालच्या आफ्रिकेतील वसाहतीत, अंगोलात, उठाव झाला आणि सैन्याची गरज तिकडे पडली. डिसेंबरपर्यंत गोव्यात साडेतीन हजारांच्या आसपासच सैन्य उरले होते. पोर्तुगालशी जुना मैत्रीतह असलेले ब्रिटन राष्ट्रकुलातील भारताशी लढणार नव्हते. दिल्लीतील अमेरिकी राजदूत गॅलब्रेथ कारवाई लांबणीवर टाकण्यासाठी धडपडत होते. गोव्यात पोर्तुगीज सत्ता राहणे अशक्य आहे, असे नेहरूंनी 10 डिसेंबरला जाहीरपणे सांगितले.

14 डिसेंबरला सालाझार यांनी गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांना किमान आठ दिवस तग धरण्याचा हुकूम दिला. तेवढ्यात भारतावर जगाचा दबाव येईल, हा त्यांचा हिशेब होता. भारतीय सैन्य गोव्यात शिरले. सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धचा ठराव सोव्हिएत नकाराधिकाराने पडला आणि 19 डिसेंबरच्या रात्री गव्हर्नरांनी शरणागती पत्करली. त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. 1974 च्या पोर्तुगीज क्रांतीनंतर परत घेतले गेले. त्याच वर्षी 31 डिसेंबरच्या तहाने पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.