जास्त वाचली म्हणून दुर्मीळ झाली

एखाद्या जुन्या पुस्तकाच्या मोजक्याच प्रती उरल्या असल्या, की ते फारसं खपलं नसेल असं आपल्याला वाटतं. युरोपातल्या ज्यू बायकांसाठी यिडिश या त्यांच्या घरच्या भाषेत छापलेल्या धर्मपुस्तकांची गोष्ट अगदी उलट आहे. ती वाचून वाचून संपली.

त्यातलं सर्वांत गाजलेलं पुस्तक म्हणजे ‘त्सेनेरेने’. पोलंडमधल्या यानोव गावच्या याकोव बेन इत्झाक अश्केनाझी यांनी धर्मग्रंथातल्या कथा, त्यांवरची भाष्यं आणि दंतकथा घरच्या बोलीत एकत्र गुंफल्या. उपलब्ध असलेली सर्वांत जुनी आवृत्ती १६२२ची. लुब्लिन आणि क्राकूव्हला निघालेल्या आधीच्या आवृत्त्या संपल्या, असं तिच्याच पहिल्या पानावर छापलंय. त्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही.

त्या काळी मध्य आणि पूर्व युरोपातल्या, म्हणजे अश्केनाझी, ज्यूंच्या घरात यिडिश बोलली जायची आणि प्रार्थना हिब्रूत व्हायची. लिपी एकच. मुली अक्षरं गिरवायच्या, पण हिब्रू ग्रंथांचं रीतसर शिक्षण बहुतेक मुलग्यांनाच मिळायचं. म्हणून ही पुस्तकं ‘बायकांसाठी, आणि बायकांसारख्याच न शिकलेल्या पुरुषांसाठी’ अशी जाहिरात करून निघत. त्यांचे खिळेही, म्हणजे छपाईची धातूची अक्षरंही, वेगळ्या वळणाचे असत. नुसतं पान उघडलं तरी ही यिडिश, हे लगेच कळायचं.

चित्रांसाठी मात्र १५९३ साली व्हेनिसमध्ये छापलेलं चालीरीतींचं पुस्तक पाहायला हवं. वर्षभराचे सण, व्रतं, लग्न, मृत्यू, सगळ्याचे विधी त्यात आहेत आणि सोबत लाकडी ठशांची चित्रं. एक बाई शब्बाथचा, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचा, टांगता दिवा लावतेय. पासओव्हर या वसंतातल्या सणाच्या आधी घरातला कणभरही आंबवलेला पदार्थ राहू नये म्हणून शोधाशोध चाललीय. बिनखमिराच्या रोट्या भाजल्या जातायत. धर्माच्या पुस्तकात स्वयंपाकघराला एवढी मानाची जागा मिळाली, याचं मला फार अप्रूप वाटतं. ही चित्रं पुढे ॲमस्टरडॅमसारख्या शहरांत पुन्हा पुन्हा नकलली गेली.

आणि इथेच, छपाईचा काळ शोधायला, विज्ञान कामाला येतं. लाकडी ठसा वर्षानुवर्षं वापरात राहतो. लाकूड वाळतं, आकसतं, तडकतं आणि छापलेल्या रेषेत बारीक खंड पडतात. ब्लेअर हेजेस या अमेरिकी उत्क्रांती-जीवशास्त्रज्ञाने २००६ साली दाखवून दिलं, की असे खंड किती प्रती छापल्या यावर नव्हे, तर किती काळ लोटला यावर अवलंबून असतात. म्हणजे एकाच ठशाचे, साल माहीत असलेले दोन छाप मिळाले, तर त्यांच्या आधारे साल नसलेल्या तिसऱ्या छापाचा काळ काढता येतो. पहिलं पान फाटलेल्या पुस्तकासाठी याहून मोठी मदत कोणती?

ठशांना कीडही लागायची. भुंगेऱ्याची अळी लाकूड पोखरते, पूर्ण वाढलेला किडा भोक पाडून बाहेर पडतो आणि तिथे शाई लागत नाही. कागदावर उमटतो तो पांढरा ठिपका. २०१३ साली हेजेस यांनी हेच ठिपके मोजले. उत्तर युरोपात भोकं सरासरी २.३ मिलिमीटरची निघाली, दक्षिणेत १.४ मिलिमीटरची, कारण किड्यांच्या जाती वेगळ्या. छपाईचं गाव लपवलं असलं तरी किडा प्रदेश सांगून जातो.

पुस्तक टिकणं कागदावरही अवलंबून असतं. सतराव्या शतकातला कागद चिंध्यांच्या लगद्याचा, त्यामुळे कणखर. एकोणिसाव्या शतकातल्या स्वस्त प्रार्थनापुस्तिकांचा लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लामुळे पिवळा पडून कुरकुरीत होतो. त्यात जीर्ण झालेलं धर्मपुस्तक फेकायचं नाही, ते गेनिझात, म्हणजे जुन्या धर्मग्रंथांसाठी राखलेल्या जागेत, ठेवायचं किंवा पुरायचं, ही ज्यूंची जुनी रीत.

या पुस्तकांत बायका फक्त वाचक नव्हत्या. १६९६ साली जर्मनीतल्या देसाऊ इथे छापलेल्या प्रार्थनापुस्तकात एला नावाची मुलगी लिहून ठेवते, की यातली यिडिश अक्षरं मी माझ्या हातांनी जुळवली आणि माझं वय नऊच्या वर नाही. तिची बहीण गेला, १७१० साली हाले इथल्या पुस्तकात, तेच यमक जुळवून सांगते. तेव्हा ती बारा वर्षांचीही नव्हती. उलट्या आरशातल्या अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळीत बसवायचे, तेही पुस्तकभर. हे काम मोठ्यांचेही डोळे शिणवणारं होतं.

यिडिशशी संबंध नसलेली, पण याच जातकुळीची एक वस्तू आपल्याकडेही आहे. १८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठी हगादा, म्हणजे पासओव्हरच्या रात्री वाचायचं पुस्तक, छापला गेला, बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजासाठी. त्यात पासओव्हरच्या रोट्या करणाऱ्या बायकांचं चित्र आहे आणि त्या साड्या नेसलेल्या आहेत.