रिस्टोअर केलेली की रेप्लिका?

"ओरिजिनल आहे का?" विंटेज रॅलीत एखादी बुटकी, दोन सीटची रेसिंग कार उभी दिसली की घोळक्यातून हा प्रश्न येतोच. मालक खुशीत सांगतो, "नट-बोल्टपासून रिस्टोअर केलीय." लोक माना डोलावतात. उत्तर मात्र मिळालेलं नसतं, कारण रेप्लिका, म्हणजे हुबेहूब नक्कलसुद्धा नट-बोल्टपासूनच बांधतात.

देव्हाऱ्यातला टाक झिजला, सोनाराकडून उजळून आणला, तर तो घरचाच टाक. त्याच्याकडे बघून दुसरा घडवला, तर कितीही रेखीव असला तरी नवा. गोची अशी, की रेसिंग कार देव्हाऱ्यात बसून झिजत नाही. ती आपटते, पेटते, दोन शर्यतींच्या मध्ये तिचं इंजिन बदलतं, पुढच्या सीझनला बॉडीही नवी चढते. त्यामुळे मूळचे पार्ट किती उरले, एवढ्यावरून काही ठरत नाही.

बेंटलीची 'ओल्ड नंबर वन' ही रेसिंग कार घ्या. 1929 आणि 1930, लागोपाठ दोन वर्षं हिनं फ्रान्समधली ल माँची 24 तासांची शर्यत मारली. पुढे तिच्यात इतकी तोडजोड झाली की 1 कोटी पौंडांचा सौदा ठरल्यावर घेणारा अडून बसला, ही ती गाडीच नाही म्हणून. 1990 साली इंग्लंडच्या हायकोर्टात निकाल लागला. 1929 चं लोखंड तिच्यात नावापुरतंच होतं, तरी न्यायाधीशांनी तिलाच ओल्ड नंबर वन मानलं, कारण तिचा प्रवास कुठे तुटलेला नव्हता.

जॅग्वारच्या एक्सकेएसएस या स्पोर्ट्स कारचं नेमकं उलट. फेब्रुवारी 1957 मध्ये कॉव्हेंट्रीच्या कारखान्याला आग लागली, त्यात नऊ गाड्या गेल्या, 16 च पुऱ्या झाल्या. 2016 मध्ये जॅग्वारनेच त्या नऊ बांधायचं जाहीर केलं. कंपनी तीच, रिव्हेट मारायची पद्धतही जुनीच. त्यांना 'कंटिन्युएशन' म्हणतात. माझ्या लेखी त्या नव्याच गाड्या. उत्तम, पण नव्या.

मग ओळखायचं कसं? आधी रंगाच्या चकाकीकडे पाठ फिरवा. शेल्बी कोब्रा या स्पोर्ट्स कार साठच्या दशकात जेमतेम हजार बनल्या, रेप्लिका त्याच्या कितीतरी पट आहेत. मूळ बॉडी ॲल्युमिनियमची, रेप्लिकांची बहुतेक फायबरची. लोहचुंबक दोन्हीला चिकटत नाही, त्यामुळे खिशात चुंबक घेऊन फिरणारे इथे फसतात. टिचकी मारावी, फायबर बद्द वाजतं.

कुर्ल्याचे एक जुने डेंटर आहेत, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. ते टॉर्च घेऊन थेट चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या नंबराशी जातात. हातानं ठोकलेले आकडे एका ओळीत नसतात, एखादा खोल, एखादा उथळ. आजूबाजूला बोटाला खोलगट लागलं, तर तिथे ग्राइंडर फिरलेला असतो. ग्राइंडरनं आकडा जातो, पण ठोक्यानं खाली दबलेलं लोखंड तसंच राहतं. ॲसिड लावलं की जुना आकडा भुतासारखा वर येऊ शकतो. आणि पन्नाशीच्या दशकातल्या ब्रिटिश गाडीच्या बोल्टला दहाचा पाना बरोब्बर बसला, की तात्या कपाळाला आठ्या घालतात. तिथे सगळं इंचात, मिलिमीटरचं काय काम?

चासी नंबराच्या पाटीवर तर ते कधीच विश्वास ठेवत नाहीत. चोर बाजारात मी एका ब्रिटिश गाडीची पाटी दोनशे रुपयांत घेतली होती, नंबरासकट. गाडी कुठल्या भंगारात गेली, देव जाणे. ही पाटी नव्या चासीवर ठोकली की झाली 'ओरिजिनल'. त्यापेक्षा शर्यतीचा जुना फोटो कामाचा. त्यात दिसणारी वाकडी रिव्हेट गाडीवर त्याच जागी सापडली, तर बोलायला जागा आहे.

आपल्याकडच्या 2021 च्या नियमांत 50 वर्षांवरच्या गाडीला विंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला 20,000 रुपये पडतात. अट अशी, की चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. म्हणजे कोर्टात जिंकलेली ओल्ड नंबर वन मुंबईत आणली, तर ती याच अटीत अडकायची. हे तात्यांना सांगितलं तर ते हात पुसत म्हणाले, "कोर्टाचं राहू दे. आधी रॅम्पवर चढव, खालून बघू दे."